मामाची कावीळ

लेकाच्या गांजाबद्दल लिहू का नको असा विचार चार महिने करत होते, शेवटी लेकालाच विचारलं. तो म्हणाला लिही, फक्त माझं नाव नको आणि क्लासचं नको. लिहून झाल्यावर त्याला वाचायला दिलं, त्याने एक परिच्छेद काढायला लावला, तो काढलाय. बाकी सगळं जसं घडलं तसं आहे.

आम्ही पुण्यात राहतो. मी पतसंस्थेत आहे, नवरा एका कंपनीत सेल्समध्ये. मुलगा सोळा वर्षांचा, मुलगी बारा. मुलाला दहावीला चांगले मार्क पडले, मग सगळे करतात तेच केलं, जेईईचा क्लास आणि इंटिग्रेटेड कॉलेज, म्हणजे कॉलेजला नाव असतं आणि मुलगा दिवसभर क्लासमध्ये. क्लासमध्ये आहे असं आपण धरून चालतो.

खुणा म्हणाल तर जुलैपासून दिसत होत्या. दिसत होत्या पण कळत नव्हत्या, किंवा खरं सांगायचं तर प्रत्येक खुणेला माझ्याकडे उत्तर तयार होतं. घरी आला की डिओचा भपकारा यायचा, मी म्हणलं वय आहे, मुली आहेत क्लासमध्ये. डोळे लाल, बॅगेत डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली, मी म्हणलं मोबाईल बघून बघून झालंय. रात्री बारा वाजता उठून चार अंडी फोडून खायचा वर मॅगी, मी म्हणलं वाढीचं वय. तबला पाचवीपासून शिकत होता, तो बंद केला, मी म्हणलं अभ्यास आहे. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे तो बहिणीशी भांडेनासा झाला. आधी दोघांची रिमोटवरून, चार्जरवरून रोज जुंपायची. ते थांबलं आणि मला बरं वाटलं की आता समजूतदार झाला. तो समजूतदार झाला नव्हता, घरातून उठून गेला होता, नुसता दिसायला घरात होता.

कळलं ते नवऱ्याच्या व्हिजिटिंग कार्डांमुळे. त्यांचा एक डबा कपाटावर असतो. ऑगस्टमध्ये मुलाची गादी उन्हात टाकायला काढली तर खाली दहा-बारा कार्डं, प्रत्येकाची एक कड पट्टीसारखी सरळ फाडलेली. मला काही समजेना. ऑफिसमधल्या एका तरुण मुलाला सहज विचारलं, अरे असं कशासाठी फाडत असतील, तर तो आधी गप्प बसला आणि मग हळूच म्हणाला, मॅडम, ती पट्टी गुंडाळून जॉइंटच्या, म्हणजे गांजा भरलेल्या सिगरेटच्या टोकाला लावतात, फिल्टरसारखी. कुठे सापडलं तुम्हाला? मी म्हणलं सोसायटीच्या जिन्यात. हे माझं पहिलं खोटं, आणि ते किती सहज निघालं तोंडातून ते मला अजून आठवतं.

त्या रात्री आम्ही जे केलं ते सांगते, कारण बहुतेक घरात हेच होत असणार. नवऱ्याने आल्या आल्या कार्डं त्याच्यासमोर टाकली, त्याने माहीत नाही म्हणलं, नवऱ्याने कानाखाली दिली. फोन काढून घेतला, गाडीची किल्ली काढून घेतली, उद्यापासून क्लास बंद. मी रडत होते आणि मधूनमधून हळू बोला हळू बोला, शेजारी ऐकतील, असं म्हणत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तो घरातून निघून गेला आणि रात्री साडेनऊला आला. सात तास. फोन आमच्याच कपाटात, त्यामुळे लावणार तरी कुठे. टेकडीवर जाऊन आलो, नदीकाठी जाऊन आलो, त्याच्या मित्रांचे नंबरही त्याच्याच फोनमध्ये. ते सात तास आठवले की अजून हात गार पडतात.

मग मी मेडिकलमधून लघवीच्या तपासणीचं किट आणलं. पट्टीवर गांजाचं पॉझिटिव्ह आलं. तो म्हणाला, आलं ना, मग आता काय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की गांजाचे अंश लघवीत काही दिवस राहतात, रोज ओढणाऱ्याच्या तर काही आठवडेसुद्धा, त्यामुळे पट्टी पॉझिटिव्ह आली म्हणजे काल ओढलाच असं नसतं, आणि का ओढतो हे तर ती पट्टी सांगतच नाही. पण मी तेव्हा दर चार दिवसांनी किट आणत होते आणि दर चार दिवसांनी घरात महाभारत.

एका ओळखीच्यांनी एका केंद्राचा नंबर दिला. फोन केला तर समोरचा माणूस म्हणतो, ताई तुम्ही फक्त पत्ता द्या, आमची गाडी रात्री येते, चार पोरं असतात, उचलून आणतो, तीन महिने भेट नाही, फोन नाही, माणूस करून परत देतो. मी खरंच पत्ता द्यायच्या बेतात होते. इतकी थकले होते. नवऱ्याने विचारलं, तिथे सोळा वर्षांची मुलं वेगळी ठेवता का? तो म्हणाला सगळे एकत्रच असतात, काही होत नाही. फोन ठेवला. पुढे कळलं की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अल्पवयीन मुलाला दाखल करायचं तर मानसोपचारतज्ज्ञांनी तपासावं लागतं आणि त्याला मोठ्या माणसांपासून वेगळंच ठेवावं लागतं. असं कुणी रात्री गाडी घेऊन येतो म्हणाला तर कृपा करून पत्ता देऊ नका.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून १४४४६ ला फोन केला, सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत. पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, लगेच ॲडमिटचं डोक्यात आणू नका, आधी मुलांना बघणारे मानसोपचारतज्ज्ञ गाठा. हे मला कुणीतरी शांत आवाजात सांगायची गरज होती. मनाच्या कुठल्याही त्रासासाठी १४४१६ हा टेली-मानसचा नंबर पण आहे, तो मला नंतर कळला.

डॉक्टरांकडे तो यायला तयार नव्हता. मी म्हणलं एकदाच चल, नाही आवडलं तर परत नको. डॉक्टरांनी पहिल्यांदा तिघांना एकत्र बसवलं आणि त्याच्यासमोर आम्हाला सांगितलं, हा मला जे सांगेल ते मी तुम्हाला सांगणार नाही, फक्त त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तरच सांगेन, आणि तेही आधी त्याला सांगून. मग आम्हाला बाहेर जायला सांगितलं. मला राग आला. पैसे आम्ही भरतोय, आई मी आहे. पण तो पन्नास मिनिटं आत बसला, घरात दोन महिन्यांत आमच्याशी एकूण तेवढं बोलला नसेल.

आत काय विचारलं ते त्याने बऱ्याच दिवसांनी सांगितलं. कधी नशेतल्या माणसाच्या गाडीवर बसलायस का, एकटा असताना ओढतोस का, रिलॅक्स व्हायला ओढतोस का, ओढल्यावर काय केलं ते विसरलायस का, मित्र कधी म्हणाले का कमी कर, कधी लफड्यात सापडलायस का. सहापैकी चार प्रश्नांना हो. गाडीवर तर किती वेळा, दोघे नशेत आणि तिसरा हा मागे. माझं सगळं लक्ष गांजा गांजा यावर होतं आणि त्या पावसाळ्यात माझं मूल रस्त्यावरच गेलं असतं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. क्लासच्या एका सिनियरने पहिले दोन-तीन वेळा फुकट दिला होता, गच्चीवर. पुढे पन्नास-शंभर रुपये कुणाकुणाच्या नंबरवर स्कॅन करून. पण तो चालू का राहिला याचं कारण वेगळं होतं. त्याला झोप लागत नव्हती. क्लासमध्ये दर रविवारी टेस्ट आणि सोमवारी बोर्डावर रँक, शनिवारी रात्री छातीत धडधड व्हायची, आणि ओढलं की झोप यायची. त्याच्या दृष्टीने ते औषध होतं. चार महिने माझं पोर झोपेविना होतं आणि मी त्याच्या बॅगा तपासत होते.

आता मुख्य गोष्ट. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी फाइल भरताना विचारलं, घरात, नात्यात कुणाला दारूचं किंवा कसलं व्यसन? नवरा म्हणाला, नाही हो, आमच्यात कुणीच नाही. मी खाली फरशीकडे बघत बसले. डॉक्टरांनी लिहिलं, नाही.

माझा सख्खा मोठा भाऊ बारा वर्षं दारूतून बाहेर आहे. त्याआधीची पंधरा वर्षं तो दारूत होता. दादा साताऱ्याला असतो. शेवटी वहिनीने त्याला येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात आणलं, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं, तिथे पस्तीस दिवस होता. तिथले बरेच समुपदेशक स्वतः त्यातून बाहेर पडलेले, त्यामुळे तिथे दादाची थापेबाजी चालली नाही, असं तो स्वतः सांगतो. वहिनी तिथल्या सहचरीच्या मीटिंगला जायची, पेशंटच्या बायकांचा गट असतो तो. त्यानंतर आजपर्यंत दादाने एए ची, म्हणजे दारू सोडलेल्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या गटाची मीटिंग सोडलेली नाही. हे सगळं इतकं अभिमानाचं आहे, आणि आम्ही काय केलं, तर सगळ्या नातेवाइकांना सांगितलं कावीळ झाली होती. आईनेच ठरवलं होतं तसं. माझी मुलं तेव्हा लहान, त्यांनाही तेच. मामाला कावीळ झाली होती म्हणून मामा लग्नात पण सरबतच घेतो. बारा वर्षं आम्ही सगळे एका सुरात कावीळ म्हणत होतो.

तिसऱ्या भेटीला मी एकटी गेले आणि डॉक्टरांना खरं सांगितलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी नुसतं पेन घेतलं, 'नाही' वर काट मारली. म्हणाले, दारूच्या व्यसनाचा साधारण निम्मा धोका आनुवंशिकतेतून येतो. याचा अर्थ तुमचा मुलगा तसाच होणार असा नाही. पण घरात मधुमेह असेल तर तुम्ही मुलांना सांगता ना, साखर जपून खा? मग हे का नाही सांगत? आणि मानसिक आजाराची, स्किझोफ्रेनियाची वगैरे हिस्टरी असेल तर गांजाच्या बाबतीत ते आणखी महत्त्वाचं, तीही आधी सांगावी. (आमच्यात नाही. हे 'नाही' मात्र खरं आहे.)

दादाला फोन केला तेव्हा वाटलं होतं समजून घेईल, समजावेल. तो आधी बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, उद्या येतो. पहाटेच्या एसटीने आला. जेवण झाल्यावर मुलाला म्हणाला चल रे टेकडीवर, आणि दोघे गेले ते अंधार पडल्यावर आले. काय बोलले ते दोघांचं. मला एवढंच माहीत आहे की दादाने त्याला सगळं सांगितलं, वहिनीचं मंगळसूत्र गहाण टाकलं होतं तेसुद्धा.

मला वाटलं होतं मुलगा हलून जाईल, रडेल. तो घरात आला, चपला काढल्या आणि आमच्या दोघांसमोर उभा राहून म्हणाला, "मी खोटं बोललो म्हणून तुम्ही मला मारलंत ना? आणि तुम्ही बारा वर्षं काय करत होतात?"

नवरा काहीतरी बोलायला गेला पण दादाने हाताने थांबवलं. आणि खरंच, बोलण्यासारखं होतं काय आमच्याकडे. मी म्हणलं, चुकलं आमचं. नवऱ्याने दोन दिवस घेतले, पण त्यानेही म्हणलं, आणि मारल्याबद्दलही म्हणलं. आमच्या घरात बापाने मुलाची माफी मागितल्याचं मी माझ्या माहेरीही पाहिलं नव्हतं. त्यानंतर मुलाने स्वतःहून सांगितलं की बाबांच्या बाटलीतली व्हिस्की मी दोनदा काढून पाणी भरलंय. आमच्याकडे हॉलमध्ये काचेचं कपाट होतं, शुक्रवारी मित्र यायचे, दोन दोन पेग व्हायचे. गोव्याला मुलगा चौदा वर्षांचा असताना नवऱ्याने त्याला बिअरचा घोट दिला होता, का तर घरात शिकला की बाहेर बिघडत नाही. हे मी फार लोकांच्या तोंडून ऐकलंय. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, असं होत नाही, जितक्या लहान वयात सुरुवात तितका पुढे व्यसन लागायचा धोका जास्त, मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो, आणि विचार करून थांबवणारा भाग सगळ्यात शेवटी तयार होतो. आपल्या राज्यात बिअरला सुद्धा एकवीस वर्षं लागतात, कडक दारूला पंचवीस. ते कपाट आता पुस्तकांचं आहे. नवऱ्याला कुणी तसं कर म्हणलं नव्हतं.

सोडतानाचे पहिले दोन आठवडे वाईट गेले. आम्हाला आधी सांगून ठेवलं होतं म्हणून निभावलं. गांजा सोडला की काही होत नाही असं लोक म्हणतात, पण त्याला झोप अजिबात नाही, लागली तर घामाने भिजून उठायचा, भयंकर स्वप्नं, अन्नाचा वास नको, आणि चिडचिड इतकी की बहिणीच्या अंगावर पाण्याची बाटली फेकली. ती पण लगेच ओरडली, आणि दोघांचं जे भांडण झालं ते ऐकत मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होते, किती महिन्यांनी ऐकत होते ते. पहिला आठवडा सगळ्यात जड, मग हळूहळू उतरतं. रात्री दोन-दोन वाजता आम्ही बापलेक-मायलेक पाळीपाळीने सोसायटीत चकरा मारायचो. बोलायचं काही नाही, नुसतं चालायचं. क्लास बदलला, साधं कॉलेज घेतलं जिथे हजेरी लागते. झोपेवर आणि त्या धडधडीवर डॉक्टरांनी वेगळं काम केलं, दर आठवड्याला बसायचे, नंतर पंधरा दिवसांनी, आता महिन्यातून एकदा. तबला मी काढला नाही, त्यानेच माळ्यावरून काढला.

क्लासच्या लोकांकडे पण गेलो, आम्ही तीन घरचे पालक. आमच्याकडे असलं काही नाही, तुमच्या मुलाची संगत बघा, असं उत्तर मिळालं. गेटसमोर टपरी होती, तिथे जॉइंट भरायचे तयार कागदी कोन मिळायचे, सुटी सिगरेट मिळायची. शाळा-कॉलेजच्या शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, अठराच्या आतल्याला तर कुठेच विकता येत नाही, हा २००३ चा कायदा, आणि सुटी सिगरेट विकायला आपल्या राज्यात २०२० पासून बंदी आहे. तक्रार दिली, टपरी उठली. आता ती दोन गल्ल्या सोडून आहे. परत तक्रार देणार आहोत.

एक करार केला होता आम्ही त्याच्याशी, डॉक्टरांनीच सुचवलेला. कुठूनही, कितीही वाजता, कसल्याही अवस्थेत फोन कर, आम्ही घ्यायला येऊ, त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही, बोलायचं ते सकाळी. एकतीस डिसेंबरला रात्री पावणेबाराला फोन आला. मित्राच्या फ्लॅटवर होता, दोन झुरके मारले होते आणि मग भीती वाटली. नवरा गाडी काढून गेला. नंतर मला म्हणाला की येताना मी दात आवळून गाडी चालवली, पण एक शब्द बोललो नाही. सकाळी दहाला चहा घेऊन बसलो तेव्हा मुलानेच बोलायला सुरुवात केली. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, फोन केला ना, मग झालं, आता आजचा दिवस बघा. त्यानंतर आजपर्यंत नाही. उद्याचं मी लिहून देऊ शकत नाही.

धाकटीला आता सगळं माहीत आहे, मामाचं पण आणि तिच्या भावाचं पण. तिच्या शाळेत व्हेपबद्दल ऐकू आलं, दिसायला पेनड्राइव्हसारखं, वास फळांचा. २०१९ पासून देशात बंदी आहे तरी मिळतं. व्हाइटनर हुंगणारी मुलं तर तिच्याहून लहान असतात. मी तिला भाषण द्यायला गेले तर मुलगा म्हणाला, आई तू थांब, तुला माहीत नाही कसं विचारतात ते. मग त्याने तिला बसवून सराव करून घेतला. तो द्यायचा, "अगं एकदाच घे, काय होतंय," आणि ती उत्तर द्यायची. मला दमा आहे. घरी टेस्ट करतात. मला वास आवडत नाही. तो म्हणाला कारण पटायलाच पाहिजे असं नाही, पटकन देता आलं पाहिजे, तिथे उभं राहून विचार करायला लागलीस की गेलं.

एवढं सगळं झालं तरी आजीला, माझ्या आईला, काही सांगितलं नव्हतं. शहात्तर वय, बीपी, कशाला. म्हणजे परत तेच. मागच्या महिन्यात साताऱ्याला दादाच्या बाराव्या वर्षाची मीटिंग होती, बाहेरच्यांनाही येता येतं अशी, पहिल्यांदाच आम्ही चौघे गेलो. दादा उभा राहून बोलला, केक कापला. परत येताना मुलगा गाडीत म्हणाला, "आजीला कोण सांगणार? तू सांगशील तर कावीळच सांगशील." मग म्हणाला गाडी वळवा, मीच सांगतो.

आई पडवीत मेथी निवडत बसली होती. तो तिच्याजवळ खाली बसला, एक जुडी ओढून घेतली आणि निवडता निवडता सांगत गेला. आईने वर बघितलं नाही, तिचा हात चालूच होता. त्याचं सांगून झालं तरी बराच वेळ काही बोलली नाही. मग मेथीची काडी बाजूला टाकत विचारलं, "आता झोप लागते का रे रात्रीची?"